अकरा आजारी

त्याला सभागृहात सगळे पाना म्हणत. निवडून येण्याआधी एकोणीस वर्षं त्याने बस आगारात गाड्यांच्या पोटाखाली पाठीवर पडून नट आवळले होते. प्रचाराच्या फोटोतसुद्धा खांद्यावर हातभर लांब पाना टाकून उभा होता, आणि लोकांनी माणसाला नाही, पान्याला मत दिलं, असं त्याचे विरोधक म्हणत. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते लक्षात राहणार नाही.

त्याला एक थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता आणि ताई सोळाची. तिने शाळा सोडली, शिवणयंत्रावर बसली आणि याला वाढवलं. पंचावन्न वर्षांची झाली तरी त्याच यंत्रावर बसून इस्पितळाचे गणवेश शिवते. तिने उशिरा लग्न केलं. हद्दीपलीकडून पुलाच्या कामावर आलेल्या एका वेल्डरशी, कचेरीत रीतसर नोंदणी करून. पूल झाला, वेल्डर महिनाभरासाठी म्हणून घरी गेला, तो गेलाच. मागे राहिली आठ महिन्यांची पोर. तिचं नाव घरात बारकी पडलं, आणि ती पाच फूट सात इंच झाली तरी बारकीच राहिली.

बारकी आता चोवीसची. याच शहरात जन्मली, याच शहरात शिकली, हद्द म्हणजे काय ते तिने नकाशातच पाहिलेलं. पण देशाच्या घटनेत एक कलम आहे: नागरिक बापाच्या अपत्यास नागरिक मानले जाईल. बस. आईचा त्यात उल्लेख नाही. लिहिणाऱ्यांना आया नव्हत्या असं नाही, आठवल्या नाहीत. बाप पलीकडचा, आणि पलीकडचा कायदा म्हणतो की जन्म आमच्याकडे झाला पाहिजे. म्हणजे बारकी इकडची नाही आणि तिकडची तर नाहीच नाही. दर सहा महिन्यांनी ती परदेशी नागरिकांच्या कचेरीत रांगेत उभी राहून जन्मल्या गावात राहायचा शिक्का मारून घेते.

परिचारिकेच्या परीक्षेत ती पहिल्या वर्गात पास झाली, त्याला तीन वर्षं झाली. परिचारिकांच्या नोंदवहीत नाव घालायला नागरिकत्वाचा दाखला लागतो. पाच वर्षांत नाव घातलं नाही तर परीक्षा रद्द. उरली दोन. पाना निवडून आल्यावर त्याने खटपट करून तिला सभागृहाच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून चिकटवलं होतं. रक्तदाब ती घ्यायची, सुई ती टोचायची आणि सही दुसरंच कोणीतरी करायचं.

आता या कलमात दोन शब्द घालायचे होते: ‘अथवा आईच्या’. एवढीच दुरुस्ती. एखाद्या शाळकरी पोराने खाडाखोड करून वर बारीक अक्षरात लिहावी इतकी. पण घटना म्हणजे वही नव्हे. उद्या कुणीही सोम्यागोम्या उठेल आणि आपल्या सोयीने पानं फाडेल, म्हणून लिहिणाऱ्यांनी तिला कुलूप घालून ठेवलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. कुलूप असं, की साध्या कायद्याला हजर असलेल्यांतले निम्म्याहून जास्त पुरतात, पण घटनेला एकूण सदस्यांचे दोन तृतीयांश लागतात. बसलेल्यांचे नव्हे, असलेल्यांचे. सभागृह दोनशे दहांचं. हो म्हणणारे एकशे चाळीस पाहिजेत. एकशे एकोणचाळीस झाले तर गेलं. आणि एकदा पडलेली दुरुस्ती त्या सभागृहाची मुदत संपेपर्यंत पुन्हा आणता येत नाही. मुदत अजून चार वर्षं होती. चार आणि दोन यांचा हिशेब करायला बारकीला कागद लागत नव्हता.

दुरुस्ती मांडली होती मास्तरीणबाईंनी. एकाहत्तर वर्षांची निवृत्त शिक्षिका, सभागृहात पंधरा वर्षं. त्यांची एक निळी वही होती. दोनशे दहा नावं, प्रत्येकापुढे चौकट. प्रत्येकाला जाऊन भेटायच्या, चौकटीत खूण करायच्या, आणि उठताना प्रत्येकाला एकच वाक्य सांगायच्या, “न येणं म्हणजे नकारच, एवढं ध्यानात ठेवा.” पान्यालाही सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, “बाई, माझी भाची आहे ती. मला काय सांगता?” बाईंनी खूण केली होती. एकूण खुणा एकशे अठ्ठेचाळीस.

तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं, असं कोणी म्हणू नये.

मतदानाच्या चार दिवस आधी प्रतोदाने त्याला खोलीत बोलावलं. प्रतोद म्हणजे पक्षाचे सदस्य हाकणारा माणूस. हा पूर्वी शाळेत कवायत शिकवायचा आणि अजूनही माणसांकडे रांग सरळ आहे का अशा नजरेने बघायचा.

“पानासाहेब, बसा. विरोध करायचा नाही आपल्याला.”

“मी कुठे करतोय? मी तर हो म्हणणार.”

“विरोध करायचा नाही,” प्रतोद पुन्हा म्हणाला, “आणि असायचंही नाही.”

“म्हणजे गैरहजर राहायचं?”

“गैरहजर म्हणजे कारण नसताना. आजारी म्हणजे कारण असताना. हद्दीलगतच्या नऊ जागा आपल्या आहेत. तिथले लोक म्हणतात, पलीकडचे येतील, लग्नं करतील, पोरं इथली होतील. आपण जाहीरपणे नाही म्हटलं तर बायका मतं देणार नाहीत. हो म्हटलं तर या नऊ जागा जातात. मग मधला रस्ता. दहा-अकरा जण आजारी पडतील.”

“साहेब, माझी भाची...”

“ठाऊक आहे. म्हणून तर नकार टाका म्हणत नाही. तेवढी माणुसकी आहे आपल्यात.” प्रतोदाने टेबलावरची फाइल सरळ केली. “वाहतूक समितीचं अध्यक्षपद रिकामं आहे. तुम्ही आगारातल्या त्या खड्ड्यांचं काहीतरी म्हणत होता ना?”

गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात त्याचे दोन फिटर चिरडून गेले होते. एकाचं डोकं त्याने स्वतः मांडीवर घेतलं होतं. तेव्हापासून प्रत्येक भाषणात तो लोखंडी आधाराचं बोलायचा आणि प्रत्येक भाषण वाया जायचं. अध्यक्ष झाला तर सहीनिशी करून टाकता आलं असतं. आता हे काही खोटं कारण नव्हतं. माणूस शेण खातो तेव्हा ताट स्वच्छ लागतं त्याला. हे ताट चांगलं स्वच्छ होतं.

तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. “बघतो,” म्हणाला, आणि प्रतोदाने त्याच्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

ताईने पास मागितले होते. “आम्हा दोघींना वरून बघायचंय. बारकीने रजा टाकलीय.” त्याने पास आणून दिले, पण कुठले? सभागृहाला चार बाजूंनी प्रेक्षक गॅलऱ्या. त्याने नेमकी ती निवडली जी त्याच्याच बाकांच्या डोक्यावर होती. तिथून समोरचे बाक दिसतात, अध्यक्ष दिसतात, खालचे दिसत नाहीत. इतकी बारीक अक्कल या माणसाने उभ्या आयुष्यात एखाद्या इंजिनावरही चालवली नव्हती.

त्या दिवशी सकाळी दारातच प्रत्येक सदस्याच्या हातात दोन चिठ्ठ्या दिल्या गेल्या. हिरवी होकाराची, तांबडी नकाराची, दोन्हींवर बाकाचा क्रमांक छापलेला. मतदानाच्या वेळी एक पेटीत टाकायची, दुसरी फाडायची. पान्याने दोन्ही कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या. तीन वाजता मास्तरीणबाईंचं भाषण संपलं. अध्यक्षांनी चिठ्ठ्यांची रीत वाचून दाखवली आणि घंटा सुरू झाली. घंटा दहा मिनिटं वाजते. थांबली की दारं बंद. मग आत असेल तो आत, बाहेर असेल तो बाहेर.

पाना उठला, पोटावर हात ठेवला आणि बाहेर पडला. जिन्यात पोहोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की प्रतोदाने त्याला छाती सांगितली होती. त्याने हात वर सरकवला.

दवाखाना तळमजल्यावर. दोन खाटा, एक लांब बाक, हिरवा पडदा, भिंतीवर सभागृहाचा आवाज खाली आणणारी पेटी. आत शिरतो तर दहा जण आधीच बसलेले. लग्नाला आल्यासारखे.

“या पानासाहेब. तुम्हाला काय झालंय?” वीटभट्टीवाला म्हणाला.

“छाती.”

“छाती चांगली आहे. मला पाठ सांगितली होती, पण इथे येईपर्यंत पाठ फौजदारांनी घेतली. आता मी चक्कर म्हणतोय.”

निवृत्त फौजदार खाटेवर पसरून शेंगदाणे खात होता. “पाठ माझीच आहे,” तो म्हणाला, “नोकरीपासूनची.”

सगळे हसले. पानाही हसला. हे त्याला पुढे फार दिवस छळणार होतं, की तो हसला होता.

डॉक्टर मात्र वैतागलेला. आजाराची चिठ्ठी रक्तदाबाच्या आकड्याशिवाय देता येत नाही, असा नियम. म्हातारी सिस्टर एकटी, माणसं अकरा, आणि घंटा वाजत होती. “वेळेत नोंद पाहिजे, नाहीतर उद्या कोणी विचारेल की घंटेनंतर आजारी कसे पडले,” डॉक्टर म्हणाला. “सिस्टर, आपली ती मदतनीस मुलगी आज वर गॅलरीत आहे ना? पहारेकऱ्याला फोन करा, खाली पाठवा म्हणावं. दोन हात जास्त होतील.”

पाना दाराकडे वळला. बाहेर जावं तर गॅलरीचा जिना त्याच बोळात उतरतो. तो पडद्यामागच्या खाटेवर जाऊन बसला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, देशाचा कायदा करणारा, पडद्यामागे पाय वर घेऊन बसला, बूट दिसू नयेत म्हणून.

बारकी आली. तिचा आवाज त्याने ऐकला. “काय झालं सिस्टर? इतके सगळे एकदम?” मग कपाट उघडल्याचा, पट्टा सोडल्याचा आवाज. तिने विचारायचं ते विचारून घेतलं होतं आणि उत्तर समोर बाकावर बसलेलं होतं.

“एकशे अठरा, शहात्तर. पुढचे.”

“एकशे वीस, ब्याऐंशी. पुढचे.”

“अगं, जरा चढवून लिही की,” फौजदार म्हणाला.

“यंत्र माझं ऐकत नाही, साहेब. एकशे चोवीस, ऐंशी. पुढचे.”

“आणखी एक आहेत पडद्यामागे,” वीटभट्टीवाल्याने सांगितलं. “छातीवाले.”

पडदा सरकला. तिने ताईने शिवलेला नवा निळा झगा घातला होता, वर घाईत चढवलेला दवाखान्याचा अंगरखा. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिला आधी वाटलं की तो खरंच आजारी आहे. तिचा हात पटकन त्याच्या कपाळाकडे गेला, आणि मग अर्ध्यावरून मागे आला.

“मामा,” ती अगदी हळू म्हणाली. “बाही वर कर.”

त्याने केली. तिने पट्टा गुंडाळला. हवा भरली.

“घंटेला अजून चार मिनिटं आहेत,” ती आकड्याकडे बघत म्हणाली. “जिना दोन मिनिटांचा आहे.”

“छातीत जरा धडधडतंय, बारके.”

“ते धडधडणारच. एकशे बावीस, ऐंशी. नाडी एकशे चार.”

“नाडी जास्त आहे ना?” त्याने विचारलं. आशेने विचारलं. असं विचारण्यापेक्षा त्याची जीभ झडली असती तर बरं झालं असतं, पण जिभा अशा वेळी झडत नाहीत.

“जास्त आहे,” ती म्हणाली. “जा ना, मामा.”

“तुला नाही कळायचं. यात फार गोष्टी असतात. एका बाजूने बघून चालत नाही.”

तिने मान हलवली, जशी ती रोज पेशंटांपुढे हलवत असेल. पट्टा खर्रकन सोडला. वहीत आकडे लिहिले. घंटा वाजत होती. तो खाटेवर बसून होता. त्याला कोणी धरून ठेवलं नव्हतं, दाराशी कोणी उभं नव्हतं, पायात बेडी नव्हती. चार मिनिटं माणूस नुसता बसून राहतो तेव्हा किती वेळ बसतो, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

घंटा थांबली. वर कुठेतरी दारं लागल्याचा आवाज आला.

वीस मिनिटांनी भिंतीवरच्या पेटीतून अध्यक्ष बोलले. होकार एकशे सदतीस. नकार बासष्ट. आवश्यक संख्या एकशे चाळीस. दुरुस्ती नामंजूर.

दवाखान्यात एक सुस्कारा सुटला. मग वीटभट्टीवाला म्हणाला, “तीनने गेलं. म्हणजे मी एकटा गेलो असतो तरी दोन कमीच पडली असती.”

“तेच म्हणतो मी,” फौजदार म्हणाला. “माझ्या एकट्याने काय होणार होतं?”

तिसऱ्याने तेच म्हटलं. चौथ्याने तेच. पाचव्याने जरा वेगळ्या शब्दांत. प्रत्येकाने आपलं एक मत उचललं, तीनाशी ताडून बघितलं, ते लहान भरलं, आणि समाधानाने परत खिशात टाकलं. पान्यानेही मनात तीच वजाबाकी केली होती, पेटीतून आकडा आल्या आल्या, सगळ्यांच्या आधी.

तेवढ्यात दारात मास्तरीणबाई आल्या. भिंतीला धरून. चेहरा राखेसारखा. “सिस्टर, जरा गरगरतंय,” म्हणाल्या आणि थांबल्या. बसायला जागा नव्हती. बाक भरलेला, खाटा भरलेल्या. अकरा धडधाकट पुरुष.

सगळ्यांत जवळ पाना होता. बारकी त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

“उठा,” ती म्हणाली. “यांना बसू द्या.”

तो उठला. बाई बसल्या. बारकीने पट्टा बांधला, हवा भरली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज हलला. “एकशे नव्वद, एकशे दहा. डॉक्टर, इकडे या लवकर.”

डॉक्टर गोळी काढेपर्यंत बाईंनी निळी वही उघडली. बाकावरून नजर फिरवत पुटपुटत मोजलं. “आठ, नऊ, दहा.” मग मान वर करून शेजारी उभ्या असलेल्या पान्याकडे पाहिलं, मग बारकीकडे. बारकीचीच हकीकत त्यांनी भाषणात, नाव न घेता, सांगितली होती.

“अकरा,” त्या म्हणाल्या. “एकशे सदतीस आणि अकरा. म्हणजे माझी बेरीज बरोबर होती.”

वही मिटली. बास, इतकंच. बाईंनी शिव्या घातल्या असत्या तर त्यांच्यातल्या प्रत्येकाला पुढे सांगायला काहीतरी मिळालं असतं.

ताई अभ्यागतांच्या फाटकाशी उभी होती. रडून झालं होतं, तोंड धुऊन झालं होतं. पाना समोर आला तशी ती पुढे झाली आणि तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी परीक्षेचा निकाल लागल्यावर फिरवायची तसा.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “तू तरी काय करणार? तुझं एक मत. ते तू दिलंस ना, झालं तर. कोण ते मेले अकरा जण, ऐन वेळी शेपूट घातलं म्हणे. वर सगळे बोलत होते.”

बारकी दोन पावलांवर उभी होती. तिने मामाकडे पाहिलं आणि थांबली, त्याच्या तोंडातून काही येतंय का याची वाट बघत. त्याचं तोंड उघडलं. “चला,” तो म्हणाला, “घरी सोडतो.”

ताईचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीशी यंत्र. ऊन अजून होतं. ताईने चहा टाकला, बाहेर आली आणि तिची नजर त्याच्या कोटावर गेली.

“बटण लोंबतंय बघ. असाच गेला होतास का सभागृहात? दे इकडे.”

“राहू दे गं.”

“दे म्हणते ना.”

त्याने कोट काढून दिला. आपण काय देतोय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा कोट तिच्या मांडीवर होता. शिवणाऱ्या बाईचा हात. अस्तरामागे काय आहे ते न बघता कळतं. तिने आतल्या खिशातून दोन चिठ्ठ्या काढून यंत्राच्या फळीवर ठेवल्या, सुई ओवायला घेतली, आणि थांबली. एक हिरवी, एक तांबडी. गॅलरीत बसून तिने अध्यक्षांनी वाचलेली रीत शब्दन् शब्द ऐकली होती. एक टाकायची, एक फाडायची.

“दोन्ही इथेच आहेत की,” ताई म्हणाली.

स्वयंपाकघरात चहा उतू गेला. कोणी उठलं नाही.

“तीन कमी पडली, ताई,” तो म्हणाला. “माझं एक पडलं असतं तरी दोन...” आणि त्याला ऐकू आलं, की हे वाक्य त्याचं नाही. हे वीटभट्टीवाल्याचं आहे, फौजदाराचं आहे, अकरा जणांच्या तोंडून फिरून उष्टं झालेलं आहे.

ताईने बारकीकडे पाहिलं. “तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग फाटकाशी बोलली का नाहीस?”

“तू हात फिरवत होतीस,” बारकी म्हणाली.

ताईने दोरा ओवला. बटण लावलं. चार फेरे जास्तच घातले, मुळाशी गुंडाळून गाठ मारली, दातांनी दोरा तोडला. सगळं नीट, कुठे घाई नाही. मग कोट त्याच्यापुढे धरला.

“सात वर्षांचा होतास,” ती म्हणाली, “तेव्हा तू शेजाऱ्यांची काच फोडलीस आणि मी माझ्यावर घेतली. तेव्हाही तू असाच उभा होतास. मला वाटलं, लहान आहे.” तिने कोट त्याच्या हातात दिला. “फाटकाशी बोलायचं होतंस तू. मी हात फिरवायच्या आधी.”

त्याने कोट घातला. चिठ्ठ्या घ्यायला हात पुढे केला, तर ताईने त्या आधीच उचलून यंत्राच्या खणात, रिळांच्या खाली ठेवल्या होत्या. खण लावून घेतला होता.

बारकी जिन्यापर्यंत आली. सौजन्य म्हणून नव्हे, तिला काहीतरी सांगायचं होतं.

“उद्या सकाळी दवाखान्यात या,” ती म्हणाली. “आजाराच्या अर्जावर सदस्याची सही लागते. घाईत कोणाच्याच घेतल्या नाहीत. आकडे मी खरे लिहिलेत, ते बदलणार नाही.”

चोवीस वर्षं ती त्याला अरे-तुरे करत होती. त्याच्या खांद्यावर बसून तिने अख्खं आगार पाहिलं होतं. दवाखान्यातलं ‘उठा’ चारचौघांत होतं; इथे कोणी नव्हतं, तरी ‘या’ म्हणाली. तो पायऱ्या उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. रात्रभर जागून त्याने एक धाडस जमवलं होतं, आणि लहान माणसाचं धाडस असतं तेवढंच ते होतं. अर्ज टेबलावर होता. छापील रकाने. नाव, बाक क्रमांक, रक्तदाब, आजाराचे स्वरूप. शेवटच्या रकान्यात डॉक्टरने पेन्सिलीने ‘छाती’ लिहून ठेवलं होतं. पान्याने ते खोडलं आणि शाईने लिहिलं, आजार नव्हता. खाली सही केली.

याचा परिणाम त्याला माहीत होता. गैरहजर, विनाकारण. समिती गेली, बहुधा पुढच्या वेळचं तिकीटही गेलं. प्रतोद दुपारपर्यंत शिट्टी फुंकणार. आगारातले खड्डे होते तसे राहणार, त्यात आणखी कोणीतरी मरणार. आणि दुरुस्तीला यानं काय झालं? काहीही नाही. एकशे सदतीस कालही एकशे सदतीस होते. चांगुलपणा घंटा थांबल्यावर केला तर तो मोजत नाहीत.

पण त्या घटकेला त्याला जरा हलकं वाटलं. छाती थोडी पुढे आली. समोर बारकी उभी होती, तिने लिहिलेलं वाचलं होतं. त्याने अर्ज वळवून तिच्याकडे सरकवला आणि सहीखालच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं, तपासणाऱ्या परिचारिकेची सही.

“इथे तू कर,” तो म्हणाला.

बारकीने त्या ओळीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“माझी चालत नाही,” ती म्हणाली. “सिस्टर दहाला येतील. तोवर बसा.”

तो बाकावर बसला.